घरचे कॅमेरे: चोरी दिसते, चोर ओळखू येत नाही. नक्की काय बदलावं?

अंगणदिवा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळी माहिती एकदाच देते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना परत विचारावं लागणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे ३:२० च्या सुमारास कोणीतरी फाटक उघडून आत आलं आणि बाबांची सायकल घेऊन गेलं. सायकल जुनीच होती, पण बाबा बावीस वर्षं रोज तीच चालवत होते. घरात सगळ्यांच्याच जिवाला लागलं.

घराला चार कॅमेरे आहेत: फाटकाकडे बघणारा, पोर्चमधला, बाजूच्या बोळातला आणि मागच्या दाराचा. चारही २ मेगापिक्सेलचे, २.८ मिमी लेन्सचे, कोअॅक्स केबलवर चालणारे. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, हॉलमध्ये आहे, त्यात १ टीबीची डिस्क. फाटकाचा कॅमेरा पोर्चच्या स्लॅबखाली साधारण १२ फुटांवर लावलाय, तिथून फाटक ९ मीटर लांब.

आता अडचणी:

फाटकाच्या फूटेजमध्ये माणूस दिसतो, पण थोबाड म्हणजे नुसता पांढरा ठिपका. झूम केलं की चौकोनच चौकोन.

बोळातला कॅमेरा रात्री बंद पडतो. दिवसभर ठणठणीत. अंधार पडला की चित्र येतं, जातं, येतं, जातं. सकाळी उजाडलं की आपोआप सुरळीत. त्या रात्रीचं त्याचं काहीच रेकॉर्डिंग नाही.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा आधीच्या आठवड्यात कोणी टेहळणी करत होतं का ते बघायला सांगितलं. डीव्हीआरमध्ये पाचच दिवसांचं फूटेज शिल्लक होतं. शिवाय त्यावरची तारीख चुकीची.

आता सगळे म्हणतात, हे जुनं सगळं काढून टाका आणि ८ मेगापिक्सेलचे वायफायचे कॅमेरे घ्या. खर्च करायची तयारी आहे, पण पुन्हा हीच वेळ यायला नको. काय करावं?

---

तारजोड | सोमवार, रात्री १०:०२

सायकलचं वाचून वाईट वाटलं. माझा कॅमेरे बसवण्याचाच व्यवसाय आहे, तेव्हा आधी एक विनंती: अजून काहीही विकत घेऊ नका. तुमच्या तीनही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातली एक तरी नव्या कॅमेऱ्यानेही जाणार नाही.

बोळातल्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करू. दिवसा चालतो आणि रात्री पडतो, म्हणजे दहातल्या नऊ वेळा वीज कमी पडते. दिवसा असा कॅमेरा साधारण ०.१५ अँपिअर घेतो. अंधार झाला की कॅमेऱ्याचे रात्री बघण्यासाठीचे इन्फ्रारेडचे दिवे लागतात आणि तोच कॅमेरा अर्ध्या अँपिअरच्या आसपास जातो. तार बारीक आणि लांब असेल तर व्होल्टेज वाटेतच गळतं. कॅमेऱ्याला पुरेसं मिळालं नाही की तो बंद पडतो, भार सुटला की व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा चालू होतो, दिवे लावतो, पुन्हा पडतो. तुम्हाला दिसणारं येणं-जाणं हेच.

मल्टिमीटर असेल तर कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा मोजा. मात्र कॅमेरा जोडलेला ठेवून मोजा. काढून मोजलंत तर तारेवर भारच नसतो आणि पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. ह्यात नवशिकेच नाही, कामाची माणसंही फसतात आणि अॅडॅप्टर ठीक आहे म्हणून कॅमेराच बदलून जातात. नवा कॅमेराही चार दिवसांत तसंच करतो.

डीव्हीआरपासून बोळापर्यंत तार किती लांब आहे आणि मध्ये कुठे जोड आहे का, तेही कळवा.

---

जुनाखांब | सोमवार, रात्री १०:२५

वायफायचेच घ्या. मी दोन वर्षांपूर्वी सगळ्या तारा काढल्या आणि सुटलो. मोबाइलवर सूचना येते, बघता येतं, संपलं.

---

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ७:४५

चेहऱ्याच्या प्रश्नावर लिहिते, कारण इथे सगळेच मेगापिक्सेलच्या मागे लागतात आणि लेन्सकडे कोणी बघत नाही.

ह्या क्षेत्रात एक मापदंड वापरतात: समोरच्या एका मीटर रुंदीत चित्राचे किती पिक्सेल पडतात. युरोपीय मानक ईएन ६२६७६-४ मध्ये त्याच्या पायऱ्या दिल्यात. कोणीतरी आहे एवढंच कळायला मीटरमागे २५, हालचाली आणि कपडे बघायला ६२.५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटायला २५०.

आता तुमचं फाटक. २.८ मिमीची लेन्स साधारण १०५ अंशांचा पसारा दाखवते. म्हणजे ९ मीटरवर ती २३ मीटर रुंदीचा पट्टा बघतेय. १९२० पिक्सेल २३ मीटरवर पसरले की मीटरमागे जेमतेम ८२. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याच्या वाट्याला १३ पिक्सेल. तेरा ठिपक्यांतून नाक-डोळे कोणतंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही. नसलेली माहिती झूम करून येत नाही.

त्याच जागी ६ मिमीची लेन्स असती तर पट्टा ९ मीटरच्याही आत आला असता आणि मीटरमागे २१८ पिक्सेल मिळाले असते. तेही २ मेगापिक्सेलमध्येच. कॅमेरा ४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २५६० पिक्सेल रुंदीचा असेल तर २९०. २.८ मिमीवर हाच २५० चा आकडा हवा असेल तर माणूस कॅमेऱ्यापासून ३ मीटरच्या आत यावा लागतो.

म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यासाठी आधी एक ओळ लिहून काढा: "ह्या कॅमेऱ्याने मला काय सांगायचंय?" अंगणात कोणी आलं का, हे सांगायला २.८ उत्तम आहे. आत आलेला कोण, ह्यासाठी अरुंद लेन्स लागते आणि ती एकाच चिंचोळ्या जागेवर रोखावी लागते. फाटक, जिन्याचं तोंड, दाराची चौकट, जिथून जाण्याशिवाय दुसरा मार्गच नाही अशी जागा. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरली की दोन्ही अर्धवट होतात.

उंचीचंही तेच. १२ फुटांवरून टोपी दिसते, चेहरा नाही. ओळखीसाठीचा कॅमेरा ७ ते ८ फुटांवर हवा. हात पोचेल ही भीती रास्त आहे, पण हात लावायला आलेल्याचा चेहरा तरी सगळ्यात स्वच्छ येतो.

आणि एक सांगा: डीव्हीआरच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन काय लिहिलंय? लाइव्ह चित्राचं नव्हे, रेकॉर्डिंगचं.

---

रातवा | मंगळवार, दुपारी १:३०

मोजपट्टी ह्यांनी दिवसाचं गणित सांगितलं. रात्री त्यात अजून तीन गोष्टी मिसळतात.

पहिली, पांढरा चेहरा. कॅमेऱ्याचे दिवे थेट माणसावर पडतात, त्वचा इन्फ्रारेड भरपूर परत फेकते, आणि बाकीचं अंगण काळं असल्यामुळे कॅमेरा सरासरी काढून चित्र उजळ करतो. चेहरा जळतो. सेटिंगमध्ये स्मार्ट आयआर असेल तर चालू करा, जवळ वस्तू आली की तो दिवे मंद करतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चित्राच्या कडेला स्लॅबची धार किंवा भिंत येतेय का बघा. जवळच्या भिंतीवर उजेड आपटून परत आला की कॅमेऱ्याला वाटतं सगळं झगझगीत आहे, मग तो लांबचं फाटक काळोखात ढकलतो. कॅमेरा दोन इंच पुढे घेऊन किंवा थोडा खाली झुकवून मी कितीतरी "खराब" नाइट व्हिजन दुरुस्त झालेली बघितलीत.

दुसरी, धूसरपणा. अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. शटर १/१२ सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात तो १२ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळपास एक चेहराभर. रिकामं अंगण सुरेख दिसतं आणि माणूस मात्र भुतासारखा ओघळलेला. शटर १/१०० केलं तर सरकणं दीड सेंटिमीटरवर येतं, पण मग उजेड हवा. हा उजेड विकत घेणं हीच माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची खरेदी. फाटकाजवळ हालचालीवर लागणारा साधा एलईडी दिवा लावा. चित्रात रंगही मिळतात. इन्फ्रारेडमध्ये कपड्यांच्या रंगावर विसंबू नका, काळा कृत्रिम धाग्याचा शर्ट बऱ्याचदा फिकट राखाडी दिसतो. साक्षीदार "काळा शर्ट" म्हणतो, फूटेज "पांढरा" म्हणतं, आणि दोघंही खरं सांगत असतात.

तिसरी, कोळी. दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोरचा एक धागा रात्री दोरखंडासारखा चमकतो. रात्रभर हालचालीच्या खोट्या सूचना येत असतील तर आधी मऊ फडकं घेऊन वर चढा. घुमटाच्या आकाराचा डोम असेल तर काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसेसुद्धा तसंच धुकं करतात. त्यामुळे उघड्यावर मी बुलेट (नळीसारखा) किंवा टरेट (बाहेरून घुमट नसलेला गोल) प्रकारच लावतो.

आणि ८ मेगापिक्सेलबद्दल: सेन्सरचा आकार तोच ठेवून पिक्सेल चौपट केले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. रात्रीच्या कामासाठी मोठ्या सेन्सरचा ४ मेगापिक्सेलवाला, छोट्या सेन्सरच्या ८ वाल्यापेक्षा मी केव्हाही पत्करेन. डब्यावर सेन्सरचा आकार १/१.८, १/२.८ असा लिहिलेला असतो. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा.

---

अंगणदिवा | बुधवार, रात्री १०:४०

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं सगळं तपासलं.

व्होल्टेज: दिवसा १०.९, रात्री दिवे लागल्यावर ८.५, तेही खाली-वर होत. तार ३० मीटर, कोअॅक्सबरोबर येते तीच बारीक जोडी. आणि हो, जोड सापडला. पन्हळीच्या मागे दोन तारा पिळून वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. उघडल्यावर तांबं हिरवं पडलेलं होतं.

रेकॉर्डिंगचं रिझोल्यूशन बघितल्यावर मला धक्काच बसला. तिथे १०८०एन लिहिलंय. म्हणजे काय, ते शोधलं तर ९६०×१०८०. म्हणजे टीव्हीवर मी इतके दिवस पूर्ण चित्र बघत होते आणि डिस्कवर रुंदीचं अर्धंच उतरत होतं?

म्हणजे फाटकावर मीटरमागे ८२ नाही, ४१. चेहऱ्याला सहा-सात पिक्सेल. बाबांना हे सांगताना मला फार अपराधी वाटलं, कारण कॅमेरे बसले त्या दिवशी टीव्हीवर बघून "छान दिसतंय" मीच म्हटलं होतं.

---

मोजपट्टी | बुधवार, रात्री ११:०५

अपराधी वाटून घेऊ नका. १०८०एन हे नावच असं आहे की १०८० वाचून माणूस पुढे जातो. बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं. तुमच्या डीव्हीआरला पूर्ण १०८०पी रेकॉर्ड करता येतं का ते त्या यादीत बघा. काहींना येतं, पण फ्रेम सेकंदाला १२-१५ वर आणाव्या लागतात. घरासाठी १५ फ्रेम भरपूर झाल्या.

---

तारजोड | गुरुवार, सकाळी ८:२०

तुमचे आकडे अगदी जुळताहेत. ३० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तार. त्या बारीक तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८४ ओहम, म्हणजे ५ ओहम. तुमचे आकडे ७ ओहम दाखवतात. वरचे दोन त्या हिरव्या जोडाचे. अर्धा अँपिअर गुणिले ७, साडेतीन व्होल्ट वाटेत गेले.

उपाय: १ चौरस मिमीची तांब्याची दोन पदरी तार अखंड टाका. तिचा ६० मीटरचा रोध जेमतेम १.१ ओहम, म्हणजे कॅमेऱ्याला रात्रीही ११.४ व्होल्ट मिळतील. किंवा बोळाजवळ सॉकेट असेल तर अॅडॅप्टरच तिकडे न्या. १२ च्या जागी १५ व्होल्टचा अॅडॅप्टर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रात्री जमेल, दिवसा भार कमी झाला की कॅमेऱ्यावर जास्त व्होल्टेज येईल.

बाहेरचा प्रत्येक जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये हवा, आणि डब्यात शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकून जातं, आत वाहत जात नाही. कॅमेऱ्याच्या अंगावर आयपी६७ हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा लिहिलेला असतो तो अंगापुरता. त्याच्या शेपटीचे कनेक्टर पावसात उघडे लोंबत असतील तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

फाटकासाठी नवा घेणार असाल तर तेवढा एक आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा कॅमेरा पीओईवर घ्या. एकाच नेटवर्क केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही, आणि वीज ४८ व्होल्टच्या आसपास जाते, त्यामुळे तेवढ्याच कामाला करंट चौथाई लागतो आणि गळती नगण्य होते. १०० मीटरपर्यंत चिंता नाही. केबल मात्र शुद्ध तांब्याची बघून घ्या. आतली तार पात्याने खरवडा: आत रुपेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. अशा केबलवर पीओई कॅमेरे विनाकारण रीस्टार्ट होत राहतात.

जुनाखांब, तुमचं चालतंय ह्याचा आनंद आहे. पण वायफायच्या कॅमेऱ्यालाही विजेची तार लागतेच, आणि ती बाहेर ओढायचीच असेल तर त्याच कष्टात नेटवर्क केबल ओढता येते.

---

जुनाखांब | गुरुवार, सकाळी ९:१५

पटलं. खरं सांगायचं तर माझाही मागचा कॅमेरा आठवड्यातून दोनदा "ऑफलाइन" जातो. राउटर पुढच्या खोलीत आहे, मध्ये तीन भिंती.

---

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ११:५०

जुनाखांब, अॅपमध्ये सिग्नल डीबीएममध्ये दिसत असेल तर बघा. उणे ६५ च्या आसपास छान, उणे ७५ च्या खाली गेला की असं तुटणारच. तुमचा कॅमेरा बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटरला "ऑटो"वर सोडू नका, शेजारपाजारी कमीत कमी वापरात असलेला एक नेमून द्या. वीज जाऊन आल्यानंतरच ऑफलाइन होत असेल तर वेगळं कारण: कॅमेरा आधी उठतो, राउटर नंतर, आणि काही कॅमेरे दोन-चारदा शोधून हात टेकतात. राउटरला छोटा बॅकअप दिला की हा त्रास संपतो.

---

दुसरामजला | गुरुवार, दुपारी ४:१०

आम्ही भाड्याच्या घरात राहतो, भिंतीला भोकं पाडता येत नाहीत. दारावर बॅटरीचा कॅमेरा लावलाय. अडचण अशी की बेल वाजवून माणूस परत वळला की मग त्याची पाठ रेकॉर्ड होते. चेहरा कधीच नाही. कॅमेरा सदोष आहे का?

---

रातवा | गुरुवार, सायंकाळी ६:३०

सदोष नाही, झोपलेला आहे. बॅटरी वाचवायला असा कॅमेरा सतत रेकॉर्ड करत नाही. त्यातला पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता हलताना टिपतो आणि मग कॅमेऱ्याला जागं करतो. ह्यात एक-दोन सेकंद जातात. त्यातून पीआयआरला आडवी हालचाल चटकन कळते, सरळ अंगावर येणारा माणूस उशिरा कळतो. तुमचा कॅमेरा जिन्याकडे तोंड करून असेल तर माणूस थेट त्याच्याकडेच चालत येतो, म्हणजे सगळ्यात वाईट दिशा. तो दाराच्या कडेला, वाटेला आडवा बघेल असा फिरवा आणि संवेदनशीलता एक पायरी वाढवा. जवळ सॉकेट असेल आणि कॅमेऱ्याला सोय असेल तर चार्जरवर कायम ठेवा. काही कॅमेरे मग हालचालीच्या आधीचे काही सेकंदही जपून ठेवतात.

---

कुलूपकिल्ली | शुक्रवार, रात्री ९:५५

तारा आणि लेन्सबद्दल बोलून झालं, आता पासवर्डबद्दल मला कळकळीने लिहायचंय.

२०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक लावून बघितल्या, बस. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच उपकरणांच्या फौजेने डाइन (Dyn) ह्या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कितीतरी तास अडखळत होत्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांतल्या बहुतेकांना ते कधी कळलंही नसेल.

म्हणून: बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. तो सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच ठेवतो अशी शक्यता मोठी असते. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा. डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्ड केलेला असेल, म्हणजे इंटरनेटवरून थेट त्याच्यापर्यंत वाट उघडी असेल, तर काढून टाका. मी स्वतः एकदा तो उघडा ठेवला होता आणि आठवड्याभराने लॉग बघितला तर अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे शेकडो प्रयत्न. बाहेरून बघायचंच असेल तर कंपनीचं अॅप दुहेरी पडताळणी लावून वापरा, किंवा थोडी मेहनत घेऊन घरी वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट, उभं करा. राउटरवर गेस्ट नेटवर्क असेल तर वायफायचे कॅमेरे त्यावर टाका. आणि फर्मवेअर अपडेट देणं बंद झालेला कॅमेरा कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

तारखेबद्दल: डीव्हीआर जुना असेल तर आत नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो, तो संपला की वीज गेली रे गेली की घड्याळ मागे जातं. सेल बदला आणि सेटिंगमध्ये एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणं) चालू करून टाइमझोन तपासा. तारीख चुकीची असलेलं फूटेज नंतर कुठे पुरावा म्हणून द्यायचं झालं तर नको ते प्रश्न निघतात.

---

मोजपट्टी | शनिवार, सकाळी ८:००

साठवणीचंही घ्या. ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटने लिहिणारा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे १७३ जीबी. १ टीबी डिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि जुनं पुसायला लागते. तुमचे पाच दिवस इथून आले. एच.२६५ ही चित्र जास्त दाबून साठवणारी पद्धत वापरून कॅमेरामागे २ एमबीपीएसवर आलात आणि डिस्क ४ टीबी केलीत तर दीड महिना मिळेल. डिस्क सर्व्हेलन्ससाठीचीच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारखी. संगणकाच्या साध्या डिस्का चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेल्या नसतात.

---

सावली | शनिवार, दुपारी १२:२०

थोडा वेगळा प्रश्न. आई एकटी असते, दोनदा पडली. तिच्या खोलीत कॅमेरा लावावा असं भावाचं म्हणणं आहे. मला ते बरोबर वाटत नाही, पण काळजीही वाटते.

---

तारजोड | शनिवार, दुपारी २:४५

सावलीताई, मी घराच्या आतले कॅमेरे बसवतो तेव्हा आधी त्या खोलीत राहणाऱ्याशी बोलतो, पैसे देणाऱ्याशी नंतर. आईंना विचारा. त्या हो म्हणाल्या तरी शयनगृह सोडून जाण्या-येण्याच्या वाटेवर लावा, पलंग आणि न्हाणीघराचं दार चित्रात येऊ देऊ नका, आणि त्यांच्या हाताला लागेल असं बंद करायचं बटण किंवा झाकण द्या. पडण्याची भीती असेल तर गळ्यातलं किंवा मनगटावरचं मदतीचं बटण कॅमेऱ्याच्या आधी घ्या. कॅमेरा कोणी बघत असेल तरच कामाचा, बटण दाबलं की लगेच कळतं.

बाहेरच्या कॅमेऱ्यांनाही हेच लागू. शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग काळा करा आणि त्यांना एकदा बोलावून दाखवा.

---

सावली | शनिवार, दुपारी ३:३०

बटणाचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आज आईशीच बोलते.

---

अंगणदिवा | पुढचा रविवार, रात्री ९:३०

काय काय केलं ते सांगते.

बोळातली तार बदलली, अखंड. रात्री ११.३ व्होल्ट. आठ रात्री झाल्या, कॅमेरा एकदाही पडला नाही.

रेकॉर्डर बदलला. जुने चार कोअॅक्सवाले आणि आयपी असे दोन्ही प्रकार चालणारा घेतला, पूर्ण १०८०पी रेकॉर्ड करतो हे घेण्याआधी समोर सेटिंग उघडून बघितलं. रेकॉर्डर आणि नवा कॅमेरा दोघांत ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळण्याचं मानक) आहे ना, तेही बघितलं. डिस्क ४ टीबी. रेकॉर्डर आता हॉलमधून काढून माळ्यावर कुलपात, छोट्या यूपीएसवर. चोराने तोच उचलून नेला असता तर काय, हे आधी कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

फाटकासाठी एकच नवा कॅमेरा, ४ मेगापिक्सेल, ६ मिमी, पीओईवर, पोर्चच्या खांबावर ८ फुटांवर. जुना फाटकावरचा तिथेच राहू दिला नाही, तो सगळं अंगण दिसेल असा वळवला. फाटकाला हालचालीवर लागणारा दिवा. शटर १/१००.

मग चाचणी. रात्री २ वाजता भाऊ टोपी घालून, मान खाली घालून फाटकातून चालत आला, मी आधीच सांगून ठेवलं होतं की नेहमीसारखा चाल, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. सकाळी आईला न सांगता क्लिप दाखवली. मोबाइलवर तिला कळेना. तेव्हा लक्षात आलं की अॅप सबस्ट्रीम, म्हणजे मोबाइलसाठीचं हलकं चित्र दाखवत होतं, ६४०×३६०. मेन स्ट्रीमवर टाकलं आणि ती लगेच म्हणाली, "अरे, हा आपलाच की!" दिवा लागला तसं त्याने क्षणभर वर बघितलं होतं, तीच फ्रेम स्वच्छ आली. क्लिप पेन ड्राइव्हवर काढून दुसऱ्या संगणकावर चालते का, तेही बघितलं. पहिल्यांदा चाललीच नाही, कारण रेकॉर्डरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये निघाली होती. आता एमपी४ मध्ये काढायची सवय घरात सगळ्यांना शिकवली.

सायकल मिळाली नाही. बाबा रोज सकाळी फाटकापर्यंत चालत जातात आणि परत येतात.

एक नवीन अडचण: पोर्चमधल्या कॅमेऱ्यात कालपासून भर दुपारी अंगणातली झाडं गुलाबी-जांभळी दिसताहेत. हाही बदलावा लागेल का?

---

रातवा | रविवार, रात्री १०:१५

थांबा, बदलू नका. लेन्सच्या मागे इन्फ्रारेड अडवणारी एक छोटी काच असते, दिवसा पुढे येते, रात्री बाजूला सरकते. ती बाजूलाच अडकलीय, म्हणून दिवसाही इन्फ्रारेड आत येतंय, आणि पानं ते भरपूर परावर्तित करतात म्हणून झाडं आधी रंग बदलतात. सेटिंगमध्ये डे/नाइट मोड ऑटोवरून काढा आणि डे, नाइट, डे, नाइट असं सात-आठ वेळा हाताने बदला. कॅमेऱ्याजवळ कोणाला तरी उभं करा, "टक" असा बारीक आवाज यायला हवा.

---

अंगणदिवा | सोमवार, सकाळी ७:५०

शिडीवर बाबा होते, मोबाइल माझ्याकडे. पाचव्या वेळेला बाबा वरून म्हणाले, "वाजलं." झाडं हिरवी झाली.